रिलीव्हर आल्याशिवाय

दुर्गमधल्या बोरसीतल्या त्या घरातून बाहेर पडायचं तर परवानगी लागायची. घरमालक काका फाटकाशी येऊन उभे राहायचे, जाणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "जाय आता घरी." मग जायचं. भाजीवाला असो, गॅसवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, सगळ्यांना हाच मंत्र. मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. म्हणजे माझं घर तेच, तरी सकाळी कामाला निघाले की मलाही "जाय आता घरी." सुरुवातीला मी म्हटलंही, "काका, मी घरातूनच बाहेर चाललेय."

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "तरी बी आयकून जात जाय."

एकदा एक कुरिअरवाला पार्सल देऊन तसाच सटकला. काकांनी लुना काढली, त्याला चौकात गाठलं आणि चार लोकांत "जाय आता घरी" म्हणून परत आले. त्यानंतर आमची पार्सलं शेजारच्या घरी पडायला लागली. मी पोट धरून हसले होते. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या तांदूळ निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या.

हे शब्द ज्या खेळातले, तो काकांचा खेळ मला या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. माझं लहानपण पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा प्लँटमध्ये, काकाही प्लँटमध्ये, दोन ओळी पलीकडे राहायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन कापून ते कार्डं करायचे. प्रत्येक कार्डावर सेक्टरमधला एक खराखुरा माणूस. चित्रकला यथातथाच, नाकं सगळ्यांची काकांसारखी, पण डोळे असे काढायचे की माणूस ओळखू यायचाच. खाली दोन आकडे, एक ताकतीचा, एक धीराचा. ताकत म्हणजे समोरच्याला किती रेटू शकतो, धीर म्हणजे जागेवर किती वेळ टिकतो. बाबांच्या कार्डावर ताकत तीन आणि धीर आठ होता. आईने ते बघून म्हटलं होतं, "बराबर वळखलं."

कार्ड विकत मिळायचं नाही. ज्याचं चित्र आहे त्यानेच स्वतःच्या हाताने द्यायचं, हा काकांचा नियम. त्यामुळे शिफ्ट सुटली की आम्ही पोरं सायकलींच्या मागे धावायचो, "अंकल, आपका कार्ड दो ना!" एक क्रेन ऑपरेटर तर सतराचा पाढा म्हटल्याशिवाय द्यायचा नाही. त्याचं कार्ड ज्याच्याकडे असेल त्याचा रुबाब काय विचारता. अदलाबदली व्हायची, भांडणं व्हायची, रुसवे निघायचे.

खेळ असा. पुठ्ठ्यावर घरं आखलेली, प्रत्येक घर म्हणजे ड्युटीची एक जागा. आपली माणसं जागेवर उभी करायची, समोरच्याच्या जागा बळकावायच्या. माणूस दमला, धीर संपत आला, की त्याला परत घ्यायचं. पण तसंच उचलून नाही. त्याच्या शेजारी दुसरं कार्ड आणायचं, कडेला कड लावायची आणि नव्या माणसाच्या वतीने म्हणायचं, "जाय आता घरी." मगच जुना उठायचा. जागा रिकामी सोडली की हरलात. प्लँटमध्ये तेव्हा तीच रीत होती. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन समोर उभा राहून बोलल्याशिवाय कोणी जागा सोडत नसे, मग डबल ड्युटी झाली तरी बेहत्तर.

शेवटी एक कार्ड उरायचंच, कारण त्याला सोडवायला कोणी नसायचं. ते पुठ्ठ्यावर तसंच ठेवायचं, पुढच्या खेळापर्यंत. लहानपणी मी विचारलं होतं, मग खेळ संपतो कधी? काका म्हणाले होते, "भट्टी थंडी करता येते का बाई?"

मोठी झाले, कॉम्प्युटर शिकले, पुण्यात काही वर्षं कंपनीत घासली आणि अनुपच्या नादाने परत आले. अनुप माझा शाळेतला मित्र, दुर्गचाच, चित्रं काढण्यात वस्ताद. आम्ही दोघं मोबाईलसाठी गेम बनवायचो. पहिला गेम होता ऑटो चालवायचा. तो आमच्या नातेवाइकांनीही खेळला नाही. रिटायर झाल्यावर काकांनी बोरसीत बांधलेल्या घरी खोली घेतली तेव्हा पुढच्या खोलीत तिपाईवर तोच पुठ्ठा दिसला, कडा झिजलेल्या, मधोमध एकच कार्ड. अनुप सामान वर चढवायला आला होता, तो सामान सोडून तिथेच उकिडवा बसला. सगळे नियम ऐकून घेतले आणि म्हणाला, "यार, ये तो सोना है. और हम ऑटो चला रहे थे!"

त्याने ते कार्ड उचलायला हात पुढे केला. काकांनी त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"तो ड्युटीवर हाये," ते म्हणाले.

त्या कार्डावरच्या माणसाचं नाव शालिक. त्याचे डोळे समोर बघत नव्हते, एका बाजूला वळलेले होते. काकांनी गेम करायला परवानगी दिली ती एका अटीवर. ते म्हणाले, "तुमच्या त्या मोबाईलच्या खेळात शालिकले घरी पाठवाचं जमन का? माह्यानं तं पुठ्ठ्यावर जमलं नाई. मी जाच्या आंदी ते व्हाले पायजे." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, भर दुपारी, चहा पिता पिता, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी.

"आमी दोघंबी विदर्भातले, संगंच लागलो. एका दिवशी रेस्टरूममधे पत्ते खेळून रायलो होतो. त्यानं म्हनलं, तू पान लपवलं. म्यां लपवलं नव्हतं. बोलनं बंद. दुसऱ्या दिवशी तो रातपाळीवर, मी सकाळचा, त्याचा रिलीव्हर. मी टाइमावर गेलो, जागेवर उभा रायलो. पन बोललो नाई. म्हनलं, जाते आपलाआपला. तो काई कमी नव्हता. तू म्हनल्याबिगर मी जात नाई, अशा हट्टानं मागच्या बाकावर जाऊन बसला, पाठ करून. मले दिसून रायला होता. म्यां बी पाठ केली."

चहात माशी पडली होती. त्यांनी ती बोटाने काढली.

"जेवनाच्या टाइमाले राग उतरला. हिनं डब्यात लाखोळीची भाजी देल्ली होती, त्याले लय आवडे. म्हनलं, चला, खाऊ घालतो न् म्हनतो जाय आता घरी. खांद्यावर हात ठेवला तं थंडा. डाक्टर म्हने, दिल बंद पडलं, सकाळीच गेला असन. म्हंजे मी पाठ करून उभा होतो न् तो..." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याले कोनं सोडवलंच नाई, बाई. तो अजून ड्युटीवर हाये."

मी व्यवहाराचं बोलले, "काका, मग पुठ्ठ्यावर त्याच्या शेजारी दुसरं कार्ड लावून सोडवा ना."

"दुसरं कावून? त्याचा रिलीव्हर मी होतो."

"मग तुमचं कार्ड लावा."

"माह्यं कार्ड म्यां काढलंच नाई. काढलं तं त्याले सोडवाच लागन. मंग तिथं मी उभा रायीन." ते माझ्याकडे बघत होते, पण डोळे जरासे बाजूला. "मले कोन सोडवन? भेव लागते मले."

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो मधेच थांबला आणि परत सुरू झाला.

आम्ही कामाला लागलो. एक खरं सांगते, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे माहीत असतं की पडद्यावर जे होतं त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतं. या गेममध्येही प्रत्येक वेळी कारण सापडलं. फक्त सापडल्याने बरं वाटलं नाही.

पहिला प्रश्न काकांनीच काढला. "मोबाईल बंद केला तं शालिक कुठं रायते?" मी म्हटलं, काही नाही, खेळाची स्थिती सेव्ह होते, चालू केल्यावर तिथेच असतो. "म्हंजे बंद असताना अंधारात उभा रायते," काका म्हणाले. अनुपने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपला जुना टॅब आणून दिला. तो कायम चार्जरला लावून तिपाईवर, त्या पुठ्ठ्यावरच ठेवला. स्क्रीन विझायची नाही अशी सेटिंग केली. पुढच्या खोलीत त्यानंतर कायम तेवढा निळसर उजेड असायचा.

मग कॉम्प्युटर स्वतःशी खेळेल असं करून मी चाचण्या घ्यायला लागले. प्रत्येक खेळाच्या शेवटी पटावर शालिकच उरायचा. मी तपासलं. त्याचा धीर सगळ्यांत जास्त, म्हणजे मशीनने त्यालाच शेवटपर्यंत ठेवणं हिशोबात बसत होतं. मी धीर कमी केला. तरी तोच. परत तपासलं, तर ताकत कमी म्हणून मशीन त्याला पुढे न पाठवता मागेच ठेवत होतं, आणि मागचा माणूस शेवटी उरतो. हेही बरोबर. मी दोन्ही आकडे अगदी मामुली करून टाकले आणि खेळ सुरू करून दात घासायला गेले. येऊन बघते तर तोच. त्या वेळी मी कारण शोधलं नाही, लॅपटॉप मिटून टाकला.

अनुप तसा निधड्या छातीचा. पण एक दिवस त्याने मला टॅबसमोर नेलं. "ये देख. बैठा है."

शालिक आपल्या जागेवर पाठमोरा बसला होता.

"मग? तू काढलंस ना?"

"मैंने पीठ वाला बैठा हुआ पोज़ बनाया ही नहीं. किसी का नहीं."

त्याचंही कारण मला सापडलं. माणूस घरी जातो तेव्हा पाठमोरा चालत जातो, त्या चित्रमालिकेतलं पहिलंच चित्र तिथे अडकलं होतं. पाय जागेच्या चौकटीमागे लपल्याने तो बसल्यासारखा दिसत होता. म्हणजे घरी जायला वळलेला आणि तिथेच थांबलेला. हे मी अनुपला समजावून सांगत असताना काका मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हौ. असाच बसेल होता."

आम्ही ते दुरुस्त केलं नाही.

काकांच्या बाकी सवयी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. ते घड्याळ घालत नसत, पण शिफ्ट बदलायच्या वेळी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभे राहत. आता प्लँटमध्ये अंगठा लावून लोक आत-बाहेर करतात याचा त्यांना मनस्वी राग. "मशीन काय बोलते का जाय म्हनून?" म्हणायचे. सेक्टरमधलं कोणी वारलं की त्याचं कार्ड घेऊन त्याच्या घरी जायचे आणि बायको-पोरांच्या हातात द्यायचे. माझे बाबा गेल्यावर आई नागपूरला मावशीकडे राहायला गेली होती, तर हा माणूस पॅसेंजर गाडीने नागपूरला गेला, कार्ड दिलं, पाणी प्याला आणि तसाच परत आला. आईने ते कार्ड बाबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलंय. त्यासाठी मी काकांना काय वाटेल ते माफ केलं असतं.

पावसाळा सरता सरता काकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदयाचंच. घरी आले ते निम्मे होऊन. आल्या आल्या तिपाईपाशी बसले आणि अनुपला म्हणाले, "बेटा, मेरा कार्ड बना."

अनुपने तिथेच चित्र काढलं, या वेळी नाक बरोबर आलं. आकडे काय टाकायचे विचारलं तर काकू स्वैपाकघरातून म्हणाल्या, "धीर शून्य लिव." काका खो खो हसले. त्यांना तसं हसताना मी शेवटचं तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून आले. पायात प्लँटमधले जुने सेफ्टी शूज, नाड्या नीट बांधलेल्या. अंगठ्याने टॅबवर आपलं कार्ड सरकवत सरकवत शालिकच्या शेजारी नेलं. कडेला कड लागली.

"शालिक," ते म्हणाले, "भाऊ, जाय आता घरी."

पाठमोरा शालिक चालायला लागला. कोड माझाच होता, काय होणार हे मला पावलापावलाने माहीत होतं, तरी मी श्वास धरून होते. तो पटाच्या कडेपर्यंत गेला आणि नाहीसा झाला. मागे वळून पाहिलं नाही. तसं चित्रच नव्हतं.

"काई बोलला नाई," काका म्हणाले. "अजून रागात असन." आणि ढसाढसा रडले.

मला वाटलं होतं, आता संपलं. पण त्या दिवसापासून काका फाटकाशी यायचे बंद झाले. भाजीवाला बाहेर ताटकळत उभा राहायचा आणि शेवटी गोंधळून निघून जायचा. काका खुर्चीत बसून असायचे, टॅबसमोर, शूज घातलेले. कारण पटावर आता ते एकटे उभे होते. बाजारात जायचं नाही, पलंगावर आडवं व्हायचं नाही. खुर्चीतच डोळा लागायचा. सुजलेले पाय शुजात मावेनात, पण काढू देत नसत. बोलता बोलता त्यांचे डोळे हळूच बाजूला वळायचे, आणि तसे डोळे मी कुठे पाहिलेत हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "काका, बाबांचं कार्ड लावू का शेजारी?" तर म्हणाले, "त्याले कावून बलावतं? घरी गेला तो." जिवंत माणसाचंच कार्ड हवं आणि त्याने स्वतःच्या हाताने दिलेलं. पण सेक्टर सहामधले निम्मे वारले, उरलेले पोरांकडे पुण्या-हैदराबादला. अनुप म्हणाला, मी माझं देतो. काकांनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. "तेरी शादी नहीं हुई अभी," म्हणाले. माझ्याकडे तर त्यांनी पाहिलंही नाही, आणि मला हायसं वाटलं.

शेवटी एका सकाळी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि अनुपसमोर उभ्या राहिल्या.

"माह्यं कार्ड काढ."

काका म्हणाले, "तुह्यं कावून? तू कोनत्या ड्युटीवर होती?"

"अजी, मंग पहाटचे उठून डबे कोनं देल्ले? तीनी पाळ्याचे? लाखोळीची भाजी कोनं देल्ली होती?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "उभ्या सेक्टराचे कार्डं काढले तुमी. माह्यं नाई काढलं. म्यां कदी म्हनलं नाई. आता म्हनून रायली."

अनुपने काकूंना हातात डबा घेतलेलं काढलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "डबा हटव बाबा. हात रिकामे ठेव." मग मला आकडे सांगितले नाहीत, "तुले वाटन ते टाक," म्हणाल्या. मी धीराच्या जागी जितका मोठा आकडा त्या चौकटीत मावत होता तितका टाकला.

काकूंनी अंगठ्याने कार्ड एका दमात सरकवलं. कडेला कड लागल्यावर त्यांनी पडद्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"अजी, उठा. जा आता घरी."

काकांनी मान वर केली. "आली तू?" म्हणाले. मग वाकून नाड्या सोडल्या, शूज तिपाईखाली जोडीने ठेवले आणि भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. पलंगावर आडवं झाल्याचा आवाज आला. मी जेवायला वर गेले तेव्हा ते घोरत होते, लहान पोरासारखे. दुपारचा चहा घेऊन काकू आत गेल्या आणि तसाच कप हातात घेऊन बाहेर आल्या. "गेले," म्हणाल्या. आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

सोडवलं की काका जातील, हे काकूंना माहीत होतं का? मी हे बरेचदा स्वतःला विचारलं आहे. दवाखान्यातून आलेला, दिवसेंदिवस खुर्चीत जागलेला म्हातारा माणूस एकदाचा आडवा होतो आणि त्याचं हृदय थांबतं, यालाही कारण आहेच. पण मला त्या घरात राहवेना. भीती वाटायला लागली, सरळ सांगते. मी नेहरूनगरात खोली घेतली. गेम पूर्ण होऊन पडला आहे, अनुप म्हणतो टाकून देऊ बाजारात. मी म्हणते, शेवटचं कार्ड कोण सोडवणार ते आधी ठरव. मग आम्ही दोघंही चहा मागवतो.

गेल्या रविवारी काकूंना भेटायला गेले. टॅब सुरू होता. त्यांच्या पायांत काकांचे शूज होते, सैल. प्रकृती विचारली, चिवडा खाल्ला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या, काकांसारख्याच एका बाजूला उभ्या राहिल्या. सवयीने माझे पाय थांबले. म्हटलं, आता त्या म्हणतील, मग जावं. त्या काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी शांत, वाट बघितल्यासारख्या. आणि मला उमगलं की या वेळी ते शब्द मी म्हणायचे होते.

माझं कार्ड अनुपने केव्हाच काढून ठेवलं आहे. आकडे तेवढे टाकायचे राहिलेत.

"येते, काकू," मी म्हटलं आणि ऑटोला हात केला.